कर्टेल झालेली मुक्कामी गाडी

हरिदासबद्दल चांगलं लिहायचं म्हणून बसलो आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माणूस नियमाला महाचिकट होता. गाडीत चार माणसं असोत की चाळीस, सगळ्यांचं तिकीट झाल्याशिवाय डबल बेल द्यायचा नाही. मी स्टिअरिंगवर बसून कुरकुर करायचो आणि तो मागून म्हणायचा, होऊन राह्यलं गुणवंतभाऊ, होऊन राह्यलं. या चिकटपणानं त्यानं मला वर्षानुवर्षं छळलं, आणि स्वतःला तर माझ्याहून जास्त छळलं. तीच गोष्ट सांगायची आहे.

मी गुणवंत, एसटीत ड्रायव्हर, राहणारा आरमोरीचा. तो कंडक्टर, मूळचा भद्रावतीचा. आमची जोडी लागली ती कोसमटोल्याच्या मुक्कामी गाडीवर, आणि पुढे कुणी मोडली नाही, कारण त्या गाडीवर जायला डेपोत दुसरं कुणी तयार नसायचं. दुपार कलल्यावर सुटायचं, दिवे लागायच्या वेळी जंगलातल्या शेवटच्या गावी पोचायचं, रात्री गाडीतच पाय पसरायचे आणि उजाडता उजाडता गावची माणसं घेऊन परत फिरायचं. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावानं करायचं, अशी रीत होती. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण आपल्या गावची मुक्कामी टिकावी असं प्रत्येक गावाला वाटतं, आणि उपाशी ड्रायव्हरची गाडी फार दिवस टिकत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही रोज वेगळ्या घरी जेवलो. मग ते सोमारीबाईकडे येऊन थांबलं. तिचं घर गाडी उभी राहायची त्या मोहाच्या झाडासमोरच होतं. नवरा दसरू लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, एकटीच धानाची शेती करायची. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपानं, पावसाळ्यात जंगलातून वेचून आणलेल्या सात्या, म्हणजे अळिंबी. तांदूळ-डाळ ग्रामपंचायत द्यायची आणि रांधायची सोमारीबाई. तिच्या हातचे सुके झिंगे घालून केलेले वांगे ज्यानं खाल्ले नाहीत त्याच्याशी मी जेवणाबद्दल बोलत नाही.

माझ्याकडे स्वतःचा एक भोंगा होता, जुना, रबरी गोळा दाबून वाजवायचा. गाडीच्या हॉर्नवर माझा भरवसा नव्हता. पावसात तो हमखास मुका व्हायचा आणि त्या रस्त्यावर रानडुकरं काही आपणहून बाजूला होत नाहीत. म्हणून मी भोंगा खिडकीच्या दांडीला बांधून ठेवायचो. गावाच्या अलीकडे एक नाला आहे. त्याच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या फरशी पुलावर, गाडी आली की मी तो दोनदा वाजवायचो. आवाज ऐकला की सोमारीबाई चुलीवर भात मांडायची. पुढे नुसते खड्डे, मध्ये दोन टोल्यांचे, म्हणजे वाड्यांचे, थांबे. गाडी गावात पोचून, टपावरची पोती उतरून आणि हरिदासचे कागद आवरून होईस्तोवर भात उतरायला आलेला असायचा. डेपोचं टाइमटेबल चुकायचं, आमचं हे कधी चुकलं नाही.

ती दोन ताटं मांडायची, एक हरिदासचं आणि एक माझं. हरिदास रोज म्हणायचा, तुमी बी बसा ना, बाई. ती रोज म्हणायची, मंग, म्हणजे नंतर. आमची जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर ती चुलीपाशी एकटी जेवायची. मी ताटावर बसलो की मान वर करत नाही. गुणवंतनं ताट सोडलेलं कुणी पाहिलं नाही, अशी डेपोत माझी ख्याती. त्यामुळे त्या दोघांमध्ये काय चाललंय हे माझ्या ध्यानात यायला भलताच वेळ गेला.

ध्यानात आलं ते आरशामुळे. एकदा रपट्यावर भोंगा वाजवला आणि सहज वरच्या आरशात पाहिलं, तर हरिदास मागे उभा राहून कंगवा फिरवत होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेच. भोंगा वाजला की याचा कंगवा खिशातून बाहेर. तोवर डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं. मी खूप चिडवलं त्याला. तो रागावला नाही, हसलाही नाही, खिडकीबाहेर पाहत राहिला. तेव्हा मला कळलं की ही चेष्टेची गोष्ट नाही आणि याचा जीव खरोखरच तिच्यावर जडला आहे.

त्याची बायको कधीच वारली होती. मुलगा अश्वजित नागपूरला शिकला, तिथंच नोकरीला लागला. खोलीवर हा एकटा. तिकडे सोमारीबाई एकटी. ती गोंडाची, तिचे देव गावाबाहेर साजाच्या झाडाखाली. याच्या खोलीत सकाळी बुद्धवंदना. हे आडवं आलं असतं की नसतं कोण जाणे, कारण कुणी कुणाला विचारलंच नाही. तो पोचल्यावर विचारायचा, बाई, काय म्हणते तब्येत. ती म्हणायची, बरी हाये जी. निघताना तो म्हणायचा, येतो. आणि दुसऱ्या दिवशी येतही होता, गाडीच आणायची त्याला. इतकं सोपं होतं म्हणूनच बोलायचं राहून गेलं असावं.

मग एका पावसाळ्याच्या तोंडावर साहेब लोक आले, रपट्याला टिकाव मारून पाहिला आणि म्हणाले, यावरून गाडी नेणं धोक्याचं आहे. डेपोत आदेश लागला, कोसमटोला मुक्कामी सोमवारपासून कर्टेल. हा आमच्याकडचा रोजचा शब्द. कॅन्सल म्हणजे गाडी डेपोतून सुटलीच नाही. कर्टेल म्हणजे सुटली, पण शेवटपर्यंत गेली नाही. मधूनच कुठूनतरी फिरवून परत आणली. पाटीवर नाव शेवटच्या गावाचंच राहतं, फक्त तिथवर चाकं जात नाहीत. आमची गाडी आता डांबरी रस्त्यावरच्या फाट्यावरून माघारी फिरणार होती. फाट्यापासून कोसमटोला दोन कोस आत.

शेवटच्या मुक्कामाला हरिदासनं ते सांगितलं. जेवणं झाली होती, ती भांडी गोळा करत होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही, फक्त विचारलं.

"बंद म्हणजे कॅन्सल झाली का?"

"नाई जी. कॅन्सल नाई, कर्टेल झाली. कॅन्सल गाडी सुटतच नाई. हे सुटन, पण फाट्यावरूनच वापस जाईन."

तिनं ताटं एकात एक रचली. मग म्हणाली, "मंग कर्टेलच वाईट. न सुटल्या गाडीची कोनी वाट पायत नाई."

मला वाटलं, आता तरी हरिदास बोलेल. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, येतो. पहाटे गाडी काढली तेव्हा ती झाडाखाली उभी होती. मी आरशात पाहिलं, याच्या हातात बेलची दोरी तशीच धरलेली. मीच आपला बेल न वाजताच निघालो.

गावानं तो शब्द उचलला. कोसमटोल्याचा लटारू फाट्यावर आमची गाडी पकडायला यायचा, त्याच्याकडून कळायचं. शाळा सातवीची चौथीपर्यंत आली, तर म्हणे शाळा कर्टेल. लग्न आधी चार दिवस चालायचं ते एका दिवसात आटोपायला लागलं, लग्न कर्टेल. लटारू स्वतः अर्धी बिडी विझवून कानावर ठेवायचा आणि म्हणायचा, कर्टेल केली. आम्ही हसायचो. हरिदास हसायचा नाही, तो लटारूला बाजूला घेऊन विचारायचा, बाई कशी हाये.

फाट्यावर गाडी फिरवून उभी केली की हरिदास खाली उतरायचा आणि आत जाणाऱ्या त्या मातीच्या रस्त्याकडे बघत राहायचा. जो माणूस तिकिटं झाली की क्षणभर थांबायचा नाही, तो आता डबल बेल उशिरा द्यायला लागला. लटारूच्या हाती तो भद्रावतीच्या बाजारातले सुके झिंगे पाठवायचा, कधी गुडघ्याला चोळायचं तेल. तिकडून पानात बांधलेली चारोळी यायची, पावसाळ्यात सात्या यायच्या. निरोप कुणाचाच नसायचा. पुढे लटारूनं मोटारसायकल घेतली, गाडीवर यायचा बंद झाला, आणि हे येणंजाणंही तुटलं.

वर्षभरात नाल्यावर नवा पूल झाला. मला वाटलं, आता लागली पुन्हा मुक्कामी. पण तोवर घरोघरी मोटारसायकली आल्या होत्या, फाट्यापर्यंतच गाडीत बोटांवर मोजावी इतकी माणसं उरायची. हरिदास दर हंगामात डेपोतल्या कंट्रोलरसाहेबांना विचारायचा. ते म्हणायचे, पाहू. चांगले होते ते, तोंडावर नाही म्हणवत नव्हतं त्यांना.

एकदा मी त्याला सरळच विचारलं. पूल आहे, तुला आठवड्याची सुटी आहे, माझी मोटारसायकल आहे, मग काऊन जात नाहीस? तो फाट्यावरच्या टपरीत चहा पीत होता. कप खाली ठेवला.

"कोनत्या कामानं जाऊ, गुणवंतभाऊ? गाडी नेत होती तं जात होतो. आता मी आपल्या मनानं गेलो तं गावाले काय सांगू? अन् तिले काय सांगू?"

मी म्हणालो, जे आहे ते सांग. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विनातिकीट माणूस गाडीत घेतला. मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी एक खड्डा चुकवला नाही. तिकीट नसलेल्या जागी पाय ठेवायचा नाही, हा याचा नियम, आणि या प्रवासाचं तिकीट त्याला कोण देणार होतं?

असंच चाललं असतं. पण रिटायरमेंट जवळ आली. मेअखेरीला हरिदासची नोकरी संपत होती आणि अश्वजितनं नागपूरच्या फ्लॅटमध्ये वडलांसाठी खोली तयार ठेवली होती. पोरगा गुणी, बापाला एकटं ठेवायला तयार नव्हता. हरिदासनं हो म्हटलं. खोलीतलं सामान बांधायला घेतलं. एकदा नागपूरला गेला की हा माणूस काही कोसमटोल्याला परत येत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि माझ्यानं काही होत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात लटारू फाट्यावर भेटला, मोटारसायकल बिघडली होती म्हणून गाडीची वाट पाहत बसला होता. हरिदासनं नेहमीचं विचारलं. लटारू म्हणाला, बाई बरी आहे, पण डोक्यानं जरा चळली म्हणतात लोक.

"काऊन?" हरिदासनं विचारलं.

"बांबूचा ट्रक येते ना सांजच्याले. नाल्याच्या पुलावर हॉर्न मारते. थो आयकला का बाई चुलीवर भात मांडते. एकटीचा नाई, तिघायचा. मंग सकाऊन कोंबड्यायले टाकते. रोज नाई मांडत, पन मांडते. आमी सांगतो का बाई, ट्रक हाये तो. तं म्हनते, मालूम हाये मले."

एवढं सांगून लटारू गाडीत चढला. हरिदास खालीच उभा होता. त्या दिवशी त्यानं डबल बेल दिली, पण लटारूचं तिकीट काढायचं विसरला. निम्म्या रस्त्यात आठवलं तेव्हा काढलं. इतक्या वर्षांत त्याची ही पहिली चूक मी पाहिली.

निरोपाच्या दिवशी डेपोत शाल-नारळ झालं, भाषणं झाली. मला बोलायला उठवलंच नाही. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्या हातात माझा भोंगा ठेवला. म्हणालो, मला आता याचा उपयोग नाही, नव्या गाडीचा हॉर्न चांगला आहे. तो भोंग्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, उद्या माझी सुटी आहे, दुपारी येतो, तयार राहा. अश्वजित परवा येणार होता त्याला न्यायला.

मला वाटलं होतं, कारणं सांगेल. पण दुसऱ्या दिवशी गेलो तर तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभा होता. खाकीशिवाय तो मला ओळखूच आला नाही क्षणभर. भोंगा पिशवीत घेतला होता. रस्ताभर मोटारसायकलवर मागे पिशवी मांडीवर धरून बसला. फाटा आला, आत वळलो. दोन्ही बाजूंना सागाची पानं झडलेली, मोहाला टोरीची फळं धरलेली. नाल्याच्या नव्या पुलावर मी गाडी थांबवली. ऊन उतरणीला लागलं होतं.

"वाजव," मी म्हणालो.

त्यानं भोंगा बाहेर काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. इतकी वर्षं वाजवला तो मी, त्याच्याकडे फक्त बेलची दोरी. म्हणाला, तुमीच वाजवा. मी हात मागे बांधले आणि नाल्याकडे तोंड करून उभा राहिलो. मला माहीत होतं, हा मी वाजवला तर पुन्हा गाडीच त्याला घेऊन जाईल. बराच वेळ गेला. मग मागून भोंगा वाजला, अगदी बारीक, दम नसलेला. थोडं थांबून दुसऱ्यांदा वाजला, तो मात्र भरपूर. नाल्यातले बगळे उडाले.

धानाच्या मोकळ्या बांध्यांपलीकडे गाव दिसत होतं. आम्ही दोघं तिकडेच पाहत होतो. मोहाच्या झाडामागच्या कौलांतून धूर यायला लागला. हरिदासनं डोळे पुसले, लपवले नाहीत. मी गाडीला किक मारायला गेलो तर म्हणाला, थांबा. आपली एसटी जेवढा वेळ घेत होती, तेवढा वेळ जाऊ द्या, भात व्हायचा आहे. तिथंही टाइमटेबल. मी त्याला शिव्या घातल्या आणि थांबलो. तेवढ्यात त्यानं खिशातून कंगवा काढला.

सोमारीबाई अंगणाच्या तोंडाशी उभी होती. केस पांढरे झाले होते, अंगानं वाळली होती. आमच्याकडे पाहून झाल्यावर तिनं आमच्यामागे रस्त्याकडे पाहिलं, गाडी कुठे आहे म्हणून. मग हरिदासच्या हातातला भोंगा पाहिला.

"कॅन्सल झाली म्हून समजली होती मी," ती म्हणाली.

"नाई," हरिदास म्हणाला. "कर्टेलच होती."

तिनं तांब्या पुढे केला, आम्ही हातपाय धुतले. आत झिंगे-वांग्याचा वास सुटला होता. कोरडे झिंगे ती अजून राखून होती तर. तिनं चटई टाकली आणि नेहमीसारखी दोन ताटं मांडली. गरम भात वाढला, वरण वाढलं, वांगे वाढले. हरिदास त्याच्या ताटावर बसला. मी उभाच राहिलो. म्हणालो, वाघाचा रस्ता आहे, उजेडात निघायला हवं, आणि घरी बायको जेवायची थांबली आहे.

"भात तुमचाबी मांडला हाये, भाऊ," ती म्हणाली.

मी म्हणालो, माझ्या ताटावर तुम्ही बसा. तिनं पदराला हात पुसले आणि सवयीनं म्हणाली, "मंग."

हरिदासनं ताटावरून मान वर केली.

"मंग कवा, सोमारी?"

इतक्या वर्षांत त्यानं तिला बाई सोडून कधी हाक मारली नव्हती. ती चुलीकडे वळली, निखारे उगाच सारखे केले, झाकणी जागेवर ठेवली. मग येऊन माझ्या ताटावर बसली.

मी मोटारसायकल काढली. उद्या अश्वजित आला की त्याला काय सांगायचं, ते वाटेत ठरवू म्हटलं. फाट्यापर्यंत तो वांग्यांचा वास माझ्या नाकातून गेला नाही, आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आरमोरीला पोचलो तेव्हा बायको जेवून झोपायच्या तयारीत होती. तिनं विचारलं, सुटीच्या दिवशी कुठे होता इतका वेळ? मी म्हणालो, कोसमटोल्याची गाडी शेवटपर्यंत पोचवून आलो, आता जेवायला वाढ.